सांधे वाचणारा माणूस

डिचोली बसस्टॅण्डच्या मागच्या गल्लीत त्यांचं झेरॉक्सचं दुकान होतं. दुपारी एक ते चार ते दुकान बंद करत नसत. उघडंच ठेवून आत मेजाखाली चटई टाकून निजत. दारात पुठ्ठा टांगलेला असे : 'मालक निजला आहे. झेरॉक्स आपापली काढावी. मशीन अडकले तर मशीनला उठवावे, मालकास नको.' तो पुठ्ठा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी हसले नाही. मी कॉलेजात नवीन होते. आमच्या घरातलं कॉलेजात गेलेलं पहिलं माणूस मीच. त्यामुळे इथं कशाला हसायचं आणि कशाला नाही, हेसुद्धा मला शिकूनच घ्यायचं होतं.

त्यांना सगळे सर म्हणत, पण त्यांनी कधी कुठं शिकवलेलं नव्हतं. पूर्वी ते एका खाणीच्या कचेरीत नकाशे काढायचे. डोंगर खणायच्या आधीच तो कागदावर सपाट दाखवा असं साहेबानं सांगितलं आणि यांनी पेन्सिल मोडून टाकली, अशी एक गोष्ट बाजारात सांगत. मी एकदा भीत भीत विचारलं, "सर, हे खरं?"

"फट म्हणजे फट, साफ खोटं," ते म्हणाले. "मी दुपारी निजायचो म्हणून काढलं मला."

झेरॉक्स हा त्यांचा पोटाचा धंदा. खरं काम वेगळंच होतं. दूरदेशीच्या ग्रंथालयांनी इतिहासाची जुनी पुस्तकं स्कॅन करून नेटवर टाकलेली असतात, त्यांत आपल्या मुलखाची कुठं सापडतात का ते हुडकायचं, सापडलं की उतरवून घ्यायचं, छापायचं, स्वतः शिवायचं आणि विकायचं. 'दुर्मिळ' हा शब्द त्यांना शिवीसारखा लागे. "दुर्मिळ म्हणे! दुर्मिळ कासव असतं. पुस्तक दुर्मिळ नसतं, वाचणारे आळशी असतात."

विकतानाही त्यांची एक तऱ्हा होती. गिऱ्हाईकाला आधी विचारायचे, "घरात खंय दवरतले?" ठेवायची जागा पटली तरच पुस्तक. हरमलचा एक माणूस टुरिस्टांना खोल्या द्यायचा. तो म्हणाला, "रूममध्ये ठेवतो सर. फॉरेनरांना जुनं काय तरी आवडतं." सर म्हणाले, "मग त्यांना कासव दाखव." आणि पुस्तक परत फळीवर. ज्यांना मिळे त्यांची नोंद एका वहीत होई. नाव, गाव आणि घरातली जागा. 'मांद्रे. माडीवर जनेलाशेजारी. सकाळचे ऊन लागते, हलवायला सांगितले आहे.' त्या वहीत डिचोली-पेडण्यातल्या घरांचे कोनाडे, खण, ट्रंका सगळं होतं.

भाषेवरून दुकानात भांडणं होत. गोवा राज्य झालं त्या वर्षीचा माझा जन्म, म्हणजे मी कॉलेजात गेले तेव्हा राज्यही माझ्याच वयाचं होतं, पण ते भांडण मिटलेलं नव्हतं. सर दोन्ही बाजूंनी भांडत. मराठीवाला आला की त्याच्याशी कोंकणीत, कोंकणीवाला आला की मराठीत. दोघेही तावातावानं निघून जात आणि दुसऱ्या दिवशी परत येत.

मी तिथं कशी चिकटले ते मला नीट सांगता येणार नाही. नोट्स झेरॉक्स करायला गेले होते. ते म्हणाले, "बाय, तुला घाई आहे?" मी म्हटलं, "नाही." खरं तर होती. घरी जायची बस होती. माझे बाबा दोडामार्गाकडचे, खाणीवर टिपर चालवायला इकडे आलेले. खाणीच्या वाटेवरच आमची खोली. चुकलेल्या बसची कारणं आईला सांगावी लागत. तरी मी 'नाही' म्हटलं, कारण मला 'बाय' म्हणून घाई आहे का असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. "मग बस. सांधे वाचूया."

सांधे वाचणं हा त्यांचा शब्द. जुनी पुस्तकं कुणीतरी कधीतरी पुन्हा बांधलेली असतात आणि बांधताना कडा कापल्या जातात. कडेबरोबर पानांचे आकडेही जातात. मग स्कॅनमध्ये मधली पानं राहिली आहेत का, हे कळणार कसं? सरांची रीत अशी : दोघांनी समोरासमोर बसायचं. एकानं पानाची शेवटची ओळ मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं पुढच्या पानाची पहिली. वाक्य जुळलं तर पान आहे. नाही जुळलं तर सर तुटलेल्या जागी लाल चिठ्ठी लावत आणि दुसरी प्रत कुठं मिळते का हे शोधत गावोगाव फिरत. नाहीच मिळाली तर तिथं कोरं पान घालत. "कोरं पान घालीन, पण खोटा सांधा घालणार नाही," असं ते म्हणत. आणि एकदा दोघांनी सांधे वाचले की स्वतः परत बघत नसत. "विश्वास नाही तर माणूस कशाला बसवायचा? मशीन आहे की."

पुस्तकाच्या अगदी शेवटच्या पानावर खाली एक बारीक ओळ असे : 'पाने तपासली' आणि पुढं एक नाव. एकच. सांधे दोघांनी वाचले तरी नाव एकच. मी विचारलं तर म्हणाले, "ज्याच्यामुळं पुस्तक पुरं झालं त्याचं."

मला ती ओळ हवी होती. याहून स्पष्ट लिहिता येत नाही. आमच्या घरात छापलेलं नाव म्हणजे रेशनकार्ड आणि बाबांचं लायसन्स. मी वर्षभर दुकानात कागदाच्या रिमांवर बसून सांधे वाचले, बहुतेक सरांबरोबरच. त्या वर्षीच्या पुस्तकांवर त्यांनी माझ्याआधी दुकानात बसणाऱ्या कुणा कॉलेजच्या पोराचं नाव घातलं, कारण काम त्यानं सुरू केलं होतं. मी म्हटलं, ठीक आहे. पुढचं माझं.

पुढचं पुस्तक पेडणे महालाचं, म्हणजे तालुक्याचं, होतं. कुणा कारकुनानं लिहिलेलं गावांचं, वाटांचं, देवळांचं वर्णन. सर त्यासाठी वेडे झाले होते. सकाळी पोदेराकडून उंडो पाव घेत, तो उभ्यानंच चहात बुडवून खात आणि खाता खाता पडद्यावरचं पान वाचत. चहा कीबोर्डात सांडे. त्या पुस्तकात एका जागी सांधा तुटला. निदान दोन पृष्ठं तरी नव्हती. सर दोन महिने फिरले. इब्रामपूरला गेले, मांद्र्याला गेले, कुणाकडे काही नाही.

आणि एका दुपारी शर्वरी आली. माझ्याच वर्गातली. स्कूटरवरून यायची. सर मेजाखाली निजलेले. ती आपली आपण झेरॉक्स काढता काढता माझ्या मांडीवरची पानं बघून म्हणाली, "अगो, हे आमच्याकडे आहे."

मेजाखालून आवाज आला, "पुरं?"

माझ्या माहितीत ते दुपारी उठलेली ती एकच वेळ. उठले, दुकानातली एकुलती एक कदेल शर्टाच्या बाहीनं पुसली आणि शर्वरीला बसायला दिली. मी रिमांवरच होते.

तिच्या पणजोबांचं नाव त्या पुस्तकातच होतं. जुन्या पुस्तकांत शेवटी आगाऊ वर्गणीदारांची यादी असते, त्यात. सरांनी ते नाव असं वाचलं जणू देवाचं. मी ती यादी घरी नेऊन दोनदा वाचली. आमचं आडनाव असणार नाही हे ठाऊक होतं. तरी वाचली.

शर्वरी वाईट असती तर माझं सोपं झालं असतं. ती तिखट, खोडकर, पण मनाची चांगली होती. डब्यातली तिसरी चपाती न विचारता माझ्या डब्यात टाकायची. तिचे आजोबा मात्र कडक. पुस्तक घराबाहेर जाणार नाही, कुणी घरी येऊन चाळायचंही नाही. कुठलं पान हवं ते सांगा, नात उतरवून देईल. तिनं ती दोन पृष्ठं सुरेख अक्षरात उतरवून आणली. सर तिचं अक्षर उजेडाकडे धरून बघत राहिले. माझं अक्षर त्यांनी वर्षभर पाहिलं होतं, पण उजेडाकडे कधी धरलं नव्हतं.

मग आम्ही दोघी उरलेले सांधे वाचू लागलो. मी शेवटची ओळ, ती पहिली.

"'...तेथील लोक शांत व कष्टाळू,'" मी.

"'असून देवभोळे आहेत,'" ती. "कोण गो शांत? पेडणेकार? ह्या कारकुनाला कुणी जेवण वाढलं असेल फुकट."

"पुढं वाच."

"तू रागावलीस का काय?"

"नाही. '...येथून सुमारे एक कोसावर'"

"'नदी लागते. तीस उतार आहे.' जुळलं. पुढं."

जुळलं होतं. कुणालाही जुळलं असंच वाटलं असतं. पण मी गप्प झाले. स्कॅन केलेल्या मूळ प्रतीला कसर लागलेली होती. किड्यानं पाडलेलं एक भोक पानांच्या कोपऱ्यातून आत आत गेलेलं, आणि पुढच्या प्रत्येक पानावर ते केसभर लहान होत जायचं. इतके दिवस रिमांवर बसून मी त्या भोकाकडे बघत आले होते, कंटाळा घालवायला. 'एक कोसावर' या पानावर ते मुगाएवढं होतं. 'नदी लागते' या पानावर मोहरीएवढं. मधे पानं होती. स्कॅन करणाऱ्यानं चिकटलेली पानं एकदम उलटली असणार, आणि वाक्य योगायोगानं सांधलं गेलं होतं.

मला बोलायचं होतं. तोंड उघडलंही. पण बोलले तर काय होणार ते दिसलं. सर लाल चिठ्ठी लावणार, शर्वरीच्या घरी निरोप जाणार, ती पानं उतरवून आणणार, सर ती उजेडाकडे धरणार, आणि शेवटच्या पानावर तिचं नाव.

"काय गो? थांबलीस का?" शर्वरी म्हणाली.

"काही नाही. घसा सुकला. पुढं."

पुस्तक छापलं गेलं. साठ प्रती. शेवटच्या पानावर माझं नाव होतं. सर म्हणाले, "दोन पानं तिनं दिली खरी. पण तू वर्षभर बसलीस. बसणं मोठं." शर्वरीनं मला मिठी मारली आणि साखरेची पुडी फोडून सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. माझी मी मुठीतच ठेवली.

एक प्रत मी घरी नेली. बाबांना वाचता येई, पण सवय नव्हती. त्यांनी पुस्तक मागून उघडलं आणि नावावर बोट ठेवलं. "ह्या तुझा?" मी म्हटलं, "होय." त्यानंतर टिपरवाले मित्र आले की बाबा पुस्तक ट्रंकेतून काढत, मागून उघडत, आणि मी चहा करायला उठून जाई. ती ओळ त्यांनी दाखवली की माझ्या पाठीला कळे.

दीडेक महिन्यानं शर्वरी वर्गाबाहेर मला गाठून म्हणाली, "अगो, मोठा घोळ झालाय." तिच्या आजोबांना डोळ्यांनी कमी दिसू लागलं होतं. ती नव्या प्रतीतून मोठ्यानं वाचायची आणि ते जुन्या प्रतीवर सवयीनं बोट फिरवत ऐकायचे. "काल म्हणाले, थांब, तू उडी मारलीस. मी म्हटलं, नाही हो आजोबा. बघते तर आठ पृष्ठं नाहीत! एक कोसावर नदी कुठली, एक कोसावर विहीर आहे. आपण दोघींनी वाचलं आणि दोघींना कळलं नाही. चल, सरांना सांगूया. मीच वाचली ना ती ओळ, मी सांगते माझी चूक."

ती माझी चूकही घेऊन चालली होती. तेवढंसुद्धा तिच्याकडे जास्त होतं.

दुकानात तिनं सगळं सांगितलं. सर ऐकत राहिले. चेहरा आंबट. "खोटा सांधा," एवढंच म्हणाले. मग शर्वरी म्हणाली, "सर, आमच्या दोघींची चूक."

मी म्हटलं, "चूक नव्हे. मला तेव्हाच दिसलं होतं."

शर्वरीनं माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी इथं लिहीत नाही.

सरांनी विचारलं, "कसं दिसलं?"

मला वाटलं होतं, ते 'का' असं विचारतील. मी भोकाचं सांगितलं. मूग आणि मोहरी. ते उठले, स्कॅन उघडला, एकेक पान पुढं नेत भोक बघत गेले. "अरे!" म्हणाले. "अरे, हे तर घड्याळ आहे! मी इतकी वर्षं तोंडानं सांधे वाचतो आणि ही कसर बघून..." ते खूश झाले होते. खरोखर खूश. मग एकाएकी थांबले, माझ्याकडे वळले. "का बोललीस नाही?"

"नाव तिचं लागलं असतं."

त्यांनी स्कॅन बंद केला. "चोर हुशार निघाला की मला बरं वाटतं," ते म्हणाले. "पण तो चोरच. आता खळ शिजव."

आठ पृष्ठं शर्वरीनं उतरवून आणली, सरांनी टाइप करून छापली. त्या आठांतल्या पहिल्या पानाच्या तळाशी ओळ घातली : 'ही पाने तपासणीत राहिली होती. शर्वरी यांच्या घरच्या प्रतीवरून.' शेवटच्या पानावरचं माझं नाव काढायला मी सांगितलं. ते म्हणाले, "छापलेलं कसं काढणार? राहू दे. खरंच आहे ते. तपासलीस तूच."

मग ती वही काढली आणि आम्हा दोघींना पाठवलं. शर्वरीच्या स्कूटरवर, मागं मी, मांडीवर खळीचा डबा. घरोघर जायचं, कोनाडा, खण, ट्रंक, असेल तिथून पुस्तक मागून घ्यायचं आणि पानं चिकटवून द्यायची. लोक विचारत, "ही राहिली कशी गे?" पहिल्या घरी शर्वरी काही बोलणार तोच मी म्हटलं, "माझ्यामुळं." दुसऱ्या घरीही. पाचव्या-सहाव्या घरानंतर ती म्हणाली, "पुरे आता, रडूबाई. लोकांना पानं हवीत, तुझं कीर्तन नको." पहिल्यांदाच ती माझ्याशी रागानं बोलली, आणि मला जरा मोकळं वाटलं. प्रत्येक पुस्तकात तिच्या नावावरून मी कापडाचा बोळा फिरवला, सुरकुती पडू नये म्हणून. हेवा गेला होता असं म्हणणार नाही. तिचं नाव मधे, जिथं लोक खरंच वाचतात. माझं मागं.

शेवटी पानांचा एकच संच उरला. "कुणाचा?" सरांनी वही बघून विचारलं.

"आमच्या घरचा."

"लावला नाहीस?"

"बाबांना सांगितलं नाही अजून."

त्यांनी वही मिटली. रविवारी सकाळी मी धुणं वाळत घालत होते, तर बसमधून उतरून सर आमच्या खोलीकडे येताना दिसले. हातात पोदेराची पिशवी, पिशवीत पानं आणि खळ. बाबा गडबडून उठले, खाटेवरची चादर झटकली. सर खाटेवर बसले, ट्रंकेतून पुस्तक मागून घेतलं आणि स्वतः पानं लावू लागले. बाबा वाकून बघत होते. त्यांचं बोट तळाच्या ओळीवर गेलं.

"ही शर्वरी कोण?"

सर बोटाची खळ पुसत राहिले. बोलायचं मलाच होतं. मी सांगितलं. भोकाचं, घशाचं, नावाचं. आई चुलीपाशी उभी राहून ऐकत होती. बाबांनी पुस्तक मिटलं नाही. शेवटचं पान उघडूनही पाहिलं नाही. सरांना विचारलं, "आता पुरा झाला मां पुस्तक?"

"जालें."

"मगे काय हुता त्या पानांत, तां तरी वाचा."

त्या पानांत तसं काहीच नव्हतं. पेडण्याहून डिचोलीला पायी जाणाऱ्यांनी कुठं थांबावं, कुठं सावली आहे, कुठल्या विहिरीचं पाणी गोड. सर वाचू लागले. तिसऱ्या विहिरीपाशी बाबांनी हात वर केला.

"थांबा. ती बाव हा अजून."

"खंय?" सर खाटेवरून अर्धे उठले. "ही पानं हाती आल्यापासून हुडकतो आहे मी ती."

"खाणीच्या डंपाच्या मागल्या अंगाक. वरसून दिसना नाय. टिपर तापलो की मी थंयसूनच पाणी घेतंय. पाणी गोड, खरा लिवल्यान त्या माणसान."

सरांनी वही काढली, गुडघ्यावर ठेवली आणि पेनाचं टोपण दातांनी उघडलं. "तुमचं पुरं नांव सांगा. सावकाश."

बाबांनी आपलं नाव सांगितलं, त्यांच्या वडिलांचं, आजोबांचं, आणि घाटाखालच्या गावाचं. ते नाव मी कॉलेजच्या किती फॉर्मांवर लिहिलं होतं. बाबांनी ते असं कुणाला सांगताना मी ऐकलं नव्हतं. सर एकेक अक्षर लिहीत होते, आणि लिहून झाल्यावर त्यांनी ते पान जनेलातल्या उजेडाकडे धरलं. मग दोघं पुढच्या विहिरीकडे वळले. मी इथं आहे याची दोघांनाही आठवण नव्हती. मला बाबांचा हेवा वाटला, आणि तो लपवावा असं मात्र वाटलं नाही.